कंबर, गुडघा आणि एमआरआयचा कागद

भाताची लावणी संपली की आमच्या सिंधुदुर्गात फिजिओथेरपीला येणाऱ्यांची गर्दी वाढते. हातात एमआरआयची ती भलीमोठी पिशवी, आत रिपोर्ट आणि रिपोर्टातल्या दोन ओळींखाली कोणीतरी पेनाने रेघ मारलेली. एल फोर एल फाइव्ह डिस्क बल्ज, डिजनरेटिव्ह चेंजेस, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीला फुगवटा आणि झीज. त्याचा अर्थ शेजारच्या कोणीतरी "मणक्यात गॅप आलाय" असा सांगून टाकलेला असतो आणि तिथून त्या माणसाचं रोजचं जगणंच बदलतं, वाकायचं नाही, कळशी उचलायची नाही, जमिनीवर बसायचं नाही, एसटीत मागच्या सीटवर तर अजिबात नाही. दुखण्यापेक्षा या भीतीने माणसं जास्त अधू होतात असं माझं स्पष्ट मत आहे, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांतलं संशोधन बघितलं तर तेही हेच सांगतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी तो रिपोर्टच घेऊ. १९९४ साली अमेरिकेत डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली, ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यातल्या ५२ टक्के लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता आणि २७ टक्के लोकांची चकती त्याहून जास्त बाहेर आलेली होती. दुखणं शून्य! पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली गेली, तीन हजारांवर माणसं, सगळी ठणठणीत. विशीतल्याच ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्के आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के. फुगवट्याचं पण तसंच, विशीत ३० टक्के आणि पन्नाशीत ६०. म्हणजे पन्नाशीच्या बाईच्या रिपोर्टात झीज लिहून आली नाही तरच नवल म्हणायला हवं. जुन्या चिऱ्याच्या घराच्या गिलाव्याला भेगा असतात, म्हणून कोणी घर सोडून जात नाही.

मग एमआरआय कशाला काढायचा? काढायचा, पण जेव्हा त्याच्या उत्तरावरून उपचार बदलणार असतात तेव्हा. ते कधी, हे खाली सांगतेच.

आता ही चकती म्हणजे काय ते बघू. आपल्या पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मध्ये २३ चकत्या असतात, लोक त्यांना गादी म्हणतात. मधे मऊ, पाणीदार गर आणि भोवती चिवट धाग्यांची एकावर एक गुंडाळलेली कडी. ही चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे साबणाच्या वडीसारखी सटकन सरकत नाही. गर बाहेरच्या कड्यांवर दाबला गेला की फुगवटा येतो आणि कडी फाटून गर बाहेर आला की त्याला हर्निएशन म्हणतात. तो जर पायाकडे जाणाऱ्या नसेजवळ आला तर नस चिडते, सूज येते आणि कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत विजेसारखी कळ जाते, तीच सायटिका. नुसता दाब म्हणून दुखतं असं नाही, त्या गरामुळे नसेभोवती जी सूज येते तिचा त्यात मोठा वाटा असतो.

यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट पेशंटला बहुतेक वेळा कोणी सांगतच नाही. बाहेर आलेला हा गर पुष्कळदा आपोआप विरघळतो. शरीराला तो तिथे परका वाटतो, रक्तातल्या सफाई करणाऱ्या पेशी तिथे पोचतात आणि हळूहळू त्याला खाऊन टाकतात. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की तुकडा पूर्ण तुटून बाहेर पडला असेल तर ९६ टक्के केसेसमध्ये तो आकसला, गर बराच बाहेर आला पण जोडलेला असेल तर ७० टक्के, थोडा बाहेर असेल तर ४१ आणि नुसता फुगवटा असेल तर १३. उलटं वाटतं ना? रिपोर्टात जे सगळ्यात भयंकर दिसतं तेच आकसायची शक्यता सगळ्यात जास्त, कारण जितका गर उघडा पडतो तितका तो शरीराच्या सफाईच्या तावडीत सापडतो. याला काही आठवडे ते काही महिने लागतात आणि हाच काळ पेशंटला काढायला सगळ्यात कठीण जातो हे मी रोज बघते, रात्री झोप नाही, शिंकलं तरी कळ.

म्हणूनच ऑपरेशनचा प्रश्न येतो आणि त्यावर प्रामाणिक उत्तर असं की ऑपरेशनने लवकर आराम मिळतो. २००७ मध्ये नेदरलँडमध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ पेशंटना दोन गटांत वाटलं, एकाला लवकर ऑपरेशन आणि दुसऱ्याला आधी वाट बघायची, गरज पडली तरच करायचं. लवकर ऑपरेशन झालेले साधारण चार आठवड्यांत बरे, दुसऱ्या गटाला बारा आठवडे लागले, पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झालेले होते. वाट बघणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांना शेवटी ऑपरेशन करावं लागलं, हेही लपवून चालणार नाही. तेव्हा पायाची ताकद शाबूत असेल आणि कळ सोसवत असेल तर थांबायला हरकत नाही, सोसवत नसेल तर ऑपरेशन करून घेण्यात कमीपणा नाही. हा निर्णय पेशंटचा, घरातल्या दहा जणांचा नव्हे.

पण काही लक्षणं अशी आहेत की तिथे थांबायचंच नाही. लघवी अडकली किंवा झालेली कळत नाही, संडासवर ताबा राहिला नाही, दोन मांड्यांच्या मधला बसायचा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जायचं, रात्र असली तरी. पाऊल उचलता येत नाही आणि चालताना चप्पल पायातून निसटते, तर दुसऱ्या दिवशीवर टाकू नका. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटतंय असं असेल तर मणक्याचा टीबी नाही ना हे तपासलंच पाहिजे, आपल्या देशात तो दुर्मीळ नाही आणि औषधांनी बरा होतो, पण उशीर झाला तर पाय जाऊ शकतात. पूर्वी कॅन्सर झालेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. अशा वेळी एमआरआय लागतो.

आणि आपल्या किनाऱ्यावरची खास गोष्ट, माडावरून किंवा आंब्यावरून पडलेला माणूस. तिथे लोक धावतात, एक जण खांदे धरतो, दुसरा पाय, आणि मधे लोंबकळत्या अवस्थेत त्याला उचलून रिक्षात कोंबतात. मणका तुटला असेल तर याच दोन मिनिटांत मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. त्याला हलवू नका, बसवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. १०८ ला फोन करा, डोकं आणि मान आहे तशी दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवा आणि हलवणं अगदीच भाग असेल तर चार-पाच जणांनी मिळून डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून रुंद फळीवर घ्या. या एका गोष्टीची माहिती वाडीवाडीत पोचायला हवी असं मला फार वाटतं.

हे सगळं सोडलं तर राहते ती साधी कंबरदुखी, म्हणजे बहुसंख्य केसेस. उसण भरली, कंबर धरली, लचक भरली. इथे आपल्याकडचा पहिला सल्ला, झोपून राहा. हा सल्ला तपासून बघितलेला आहे आणि तो टिकला नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत २०३ पेशंटपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस बेड रेस्ट सांगितली. बरं होण्यात फरक नाही, पण दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्के कमी. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांचे तीन गट केले, एकाला दोन दिवस झोप, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम, तिसऱ्याला फक्त एवढंच की जमेल तसं रोजचं काम करत राहा. सगळ्यात लवकर बरा झाला तिसरा गट आणि सगळ्यात उशिरा झोपलेला. तेव्हा पहिला एखादा दिवस उठवत नसेल तर पडा, पण मग उठा, अंगणात फिरा, चुलीशी जा.

पट्ट्याचं विचारतात सगळे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात कंबरेचे पट्टे, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून कंबर ताणणं, अल्ट्रासाउंडचा शेक आणि टेन्स या मशीनचा कातडीवरून दिलेला हलका करंट या गोष्टी सरसकट देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलंय. मी स्वतः याच धंद्यात आहे, आणि आमच्याच क्षेत्रात अजून कितीतरी ठिकाणी पेशंटला पंधरा-पंधरा दिवस मशीनखाली झोपवून पाठवतात, व्यायाम शिकवायला पाच मिनिटं देत नाहीत, याचा मला खरंच राग येतो. गरीब माणसाचे पैसे आणि मजुरी दोन्ही जातात.

"आयुष्यभर राबून मणका झिजला" हेही फार ऐकते. फिनलंडमध्येच एकसारख्या जुळ्या भावांच्या ११५ जोड्या तपासल्या होत्या. मेहनतीच्या कामाचा चकतीच्या झिजेतला वाटा काही मोजक्या टक्क्यांचाच निघाला, वयाचा आणि विशेषतः घराण्याचा वाटा कितीतरी मोठा. त्यामुळे चिरेखाणीत काम केलं म्हणून मणका संपला असं समजू नये. पण जड कामाने दुखण्याचे झटके येतात हे खरं आणि त्यात मोठं कारण असतं अचानकपणा. वर्षभर घरकाम करणारी बाई आषाढात आठ-दहा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकून रोपं लावते, किंवा मुंबईचा चाकरमानी वर्षभर खुर्चीत बसून गणपतीला रात्रभर गाडीतून येतो आणि पहाटे उतरल्या उतरल्या सामानाचे खोके उचलतो. कंबर कमकुवत म्हणून नव्हे, तेवढ्या कामाची सवय नव्हती म्हणून ती बोलते.

कुडाळकडच्या एक काकी माझ्याकडे आल्या होत्या, साठीच्या आसपास. वर्षभर वाकल्या नव्हत्या, खाली पडलेली गोष्ट नातीकडून उचलून घ्यायच्या. "माका आता वाकूक जमाचा नाय गो," खुर्चीत अगदी ताठ बसून म्हणाल्या. पायाची ताकद, संवेदना, सगळं व्यवस्थित होतं. त्यांना व्यायामाचं मशीन काय सांगणार, घरची तांब्याची कळशी घेतली. पहिल्या आठवड्यात रिकामी कळशी ओट्यावरून उचलायची आणि परत ठेवायची, आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. मग त्यात दोन तांबे पाणी. मग ओट्याऐवजी स्टुलावरून, मग पाटावरून, शेवटी जमिनीवरून. प्रत्येक पायरीवर थोडं दुखायचं, त्यांना सांगून ठेवलं होतं की दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत खाली आलं तर पुढे जायचं, नाही आलं तर आठवडाभर त्याच पायरीवर थांबायचं. पाटावर आल्या तेव्हा एकदा अडकल्या, दोन आठवडे पुढे सरकेनात, मग दोन तांब्यांवरून पुन्हा एकावर आणलं. पण त्या दिवशी जाताना पायातली चप्पल सरळ करायला त्या स्वतःच खाली वाकल्या, लक्षातसुद्धा न येता.

रिहॅबिलिटेशन म्हणतात ते हेच. स्नायू, हाड, लिगामेंट म्हणजे हाडांना हाडं जोडणारे चिवट पट्टे, सगळ्यांना थोडाथोडा भार वाढवत दिला की ते त्याच्याशी जुळवून घेतात आणि मेंदूलाही हळूहळू पटतं की वाकणं धोक्याचं नाही. जुनाट दुखण्यात हे दुसरं फार महत्त्वाचं असतं, कारण महिनोन्महिने दुखल्यावर मज्जासंस्थाच जास्त चटकन धोक्याची घंटा वाजवायला लागते, तिथली मूळ इजा केव्हाच भरून आलेली असली तरी. म्हणून "दुखणं मनाचं आहे" असं कोणाला म्हणू नका, दुखणं खरंच असतं.

आणि बरं झाल्यावर परत होऊ नये म्हणून काय? चाला. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर प्रयोग झाला, अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टच्या मदतीने हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं. न चालणाऱ्या गटात दुखणं साधारण ११२ दिवसांत परत आलं, चालणाऱ्यांत २०८ दिवसांनी. औषध नाही, खर्च नाही. पावसात शेवाळलेल्या पाणंदीवरून नको, डांबरी रस्त्यावर किंवा शाळेच्या व्हरांड्यात चाला, आणि बाकीच्या दिवसांत ओहोटीची घट्ट वाळू आहेच.

आता पोरांकडे वळते, म्हणजे कबड्डीकडे. पाऊस गेला की गावोगाव स्पर्धा सुरू होतात, रात्री लाइट लावून, लाल मातीत, आणि दुसऱ्या दिवशी घोटे आणि गुडघे सुजवून पोरं येतात. घोटा मुरगळला तर पहिला प्रश्न असतो एक्स-रे काढायचा का. त्यासाठी १९९२ मध्ये कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी सोपे नियम बनवले जे आज जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंची जी हाडं वर दिसतात त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबून दुखतंय, किंवा पडल्यावरही आणि तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत, तर एक्स-रे काढा. पाऊलसुद्धा दुखत असेल तर करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेचं उंच हाड आणि आतल्या बाजूला कमानीवरचं हाड दाबून बघा, तिथे दुखलं तरी काढा. यातलं काहीच नसेल तर फ्रॅक्चरची शक्यता फार कमी. पण चोळून घेऊ नका, निदान पहिले काही दिवस तरी. ताज्या इजेवर जोरात चोळलं की आतला रक्तस्राव वाढतो आणि हाड मोडलेलं असेल तर विचारूच नका.

बर्फाबद्दलही मत बदललंय. विश्रांती, बर्फ, दाब, पाय वर, हे सूत्र १९७८ मध्ये गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरने मांडलं आणि २०१४ मध्ये त्यानेच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यामुळे भरून यायला उलट उशीर होऊ शकतो, कारण सूज हा बरं होण्याचाच भाग आहे. दुखणं कमी करायला थोडा वेळ बर्फ लावला तर चालतो. पण दोन-तीन दिवसांनी पाय टेकवायला लागा, एका पायावर तोल सांभाळायचा सराव करा, कारण तो राहून गेला की तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो.

गुडघ्याचं प्रकरण जास्त गंभीर. चढाईला गेलेल्याचा घोटा धरला जातो, पाऊल मातीत रुतलेलं, अंग वळतं आणि गुडघ्यात खट्कन आवाज होतो. काही तासांतच गुडघा टम्म सुजतो. असं झालं तर एसीएल हे लिगामेंट तुटलं असण्याची शक्यता मोठी असते, ते नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला वळताना आवरतं. पोरं क्रेप बँडेज बांधून पुढच्या आठवड्यात खेळतात, गुडघा सटकतो, आतल्या गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा, तुकडा पडतो आणि तिशीत गुडघा म्हातारा होतो. मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटते.

ऑपरेशन लगेच हवंच असंही नाही. २०१० मध्ये स्वीडनमधल्या १२१ तरुणांच्या अभ्यासात आधी नीट व्यायाम आणि गरज पडली तर ऑपरेशन, असं केलेल्या गटातल्या ६१ टक्के लोकांना दोन वर्षांत ऑपरेशन लागलंच नाही आणि त्यांचे गुडघे लवकर ऑपरेशन केलेल्या दुसऱ्या गटाइतकेच चांगले होते. मात्र कबड्डी, फुटबॉलसारखे वळणाचे खेळ पुन्हा खेळायचेच असतील तर बहुतेक सर्जन ऑपरेशन सुचवतात आणि ते बरोबर आहे.

खरी चूक होते ऑपरेशननंतर. सहाव्या महिन्यात गुडघा दुखत नाही, पोरगा धावतो, मंडळाचे लोक दारात. पण मांडीचा पुढचा स्नायू ऑपरेशननंतर चटकन वाळतो आणि भरायला फार वेळ घेतो. नॉर्वेत २०१६ मध्ये १०६ खेळाडूंचा अभ्यास झाला, त्यात नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. ताकदीच्या आणि उडीच्या चाचण्या पास न होता खेळलेल्यांपैकी ३८ टक्के लोकांचा गुडघा पुन्हा गेला, पास होऊन खेळलेल्यांपैकी जेमतेम साडेपाच टक्के.

या चाचण्यांपैकी उडीची तुम्ही मैदानावरही करू शकता. चुन्याने रेघ मारा, एका पायावर उभं राहून लांब उडी आणि त्याच पायावर न डगमगता उतरायचं, टेपने मोजा. तीन-तीन उड्या दोन्ही पायांच्या. ऑपरेशनच्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवी. उडी एकट्याने पुरत नाही, उडी मारताना शरीर कमी ताकदीच्या मांडीचं काम कुल्ल्याकडून करून घेतं, म्हणून मांडीची ताकद फिजिओकडून वेगळी मोजून घ्या.

आणि ज्यांचा गुडघा अजून शाबूत आहे त्यांच्यासाठी मंडळांनी एक करावं. नॉर्वेतल्या शाळकरी वयाच्या फुटबॉलपटू मुलींवर वीस मिनिटांचा ठरवून दिलेला वॉर्मअप २००८ मध्ये तपासला गेला, हळू पळणं, स्क्वॅट, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, आणि हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंचा, नॉर्डिक नावाचा व्यायाम, त्यात साथीदाराने घोटे धरायचे आणि गुडघ्यांवरून अंग पुढे सावकाश सोडायचं. एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या. एकट्या नॉर्डिकने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्याच्या आसपास येतात असं नंतरच्या आढाव्यांत दिसलंय. फक्त पहिल्याच दिवशी तीस वेळा करू नका, पाच-पाचच्या दोन फेऱ्या, आठवड्यातून एकदा, मग वाढवत न्या, आणि सुरुवात दिवाळीनंतर पहिल्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही, गणपती गेले की करा.